माकेरू ते तोलोई

माझा धाकटा भाऊ गोरक्षनाथ विमानात असला की आमच्या मायच्या घरात केरसुणीला हात लागत नाही. गॅसवर तवा चढत नाही, आणि माय पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. महिन्यातून एकदा, बुधवारी, असा दिवस येतो. सकाळी साडेसहाला त्याचा फोन येतो, "निघालो माय." दुपारी चारला दुसरा येतो, "पोचलो माय." तोवर घर पारोसं आणि माय उपाशी.

ही रीत काही विमानाची नाही. मेंढरांची आहे. आमचे आबा, भुजंगराव, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायचे. आज या शेतात मेंढरं बसवली, चार दिवसांनी पुढच्या गावात. मी शाळेत, गोरख लहान, म्हणून माय आमच्यापाशी आष्टीतच राहायची. ज्या दिवशी आबांचा मुक्काम हलणार असेल त्या दिवशी ती घर झाडायची नाही. माणूस वाटेत असताना घर झाडणं म्हणजे त्याला घरातून काढून टाकणं. मयत उचलल्यावर झाडतात तसं. मग एसटीचा कंडक्टर नाही तर दुधाची गाडीवाला निरोप आणायचा, "भुजंगराव पोचले हो." तो निरोप आला की ती आधी केरसुणी घ्यायची, मग पिठाचा डबा उघडायची. एकदा निरोप दोन दिवस आलाच नाही. मी नऊ वर्षांची होते. आम्हा पोरांना तिनं शेजारच्या घरी जेवायला धाडलं आणि स्वतः उंबऱ्यात बसून राहिली. आबा गेल्याला आता अकरा वर्षं झाली. मेंढरंही गेली. रीत तेवढी राहिली, आणि ती गोरखच्या वाट्याला आली.

गोरख माझ्याहून सात वर्षांनी लहान. मायच्या पाठीत कळ निघायची म्हणून मीच त्याला कडेवर घेऊन हिंडले. माझी डावी कंबर अजून थोडी वर आहे असं माझा नवरा म्हणतो, आणि मला ते ऐकायला आवडायचं. गोरख शिकला, आयटीआय केलं, घनसावंगीकडच्या एका साखर कारखान्यात फिटर लागला. मग दोन वर्षांपूर्वी एका एजंटामार्फत पार पूर्वेकडच्या बेटांवर गेला. तिथंही ऊस, तिथंही कारखाना. कंपनीचे दोन कारखाने, दोन बेटांवर. हा राहायचा एका बेटावर, आणि महिन्याला चार दिवस दुसऱ्यावर जाऊन तिथले रोलर बघायचा. येताना कंपनीची बोट असायची, तिचं मायला काही वाटायचं नाही. बोट पाण्यावर असते, पाणी जमिनीवर असतं, असा तिचा हिशेब. जाताना मात्र बारा माणसांचं विमान. पहिल्यांदा गेला तेव्हा नऊ तासांनी फोन आला आणि म्हणाला, "अक्का, नऊ तास लागतात गं. सगळा समुद्रच हाय मधी."

मी मान डोलावली. मी आष्टीच्या बाजारात सेवा केंद्र चालवते. दिवसभर संगणकापुढं असते. लोकांचे सातबारा काढते, पीक विम्याचे अर्ज भरते, कुणाच्या आधारवरची जन्मतारीख चुकली असेल तर दहा वेळा ताडून बघते. पण गोरखनं सांगितलेले नऊ तास मी कधी ताडून बघितले नाहीत. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं त्याचं अंतर कोण मोजत बसतं?

शंका घेतली ती माझ्या नवऱ्यानं. मच्छिंद्र आष्टी ते परतूर काळी-पिवळी जीप चालवतो आणि जगातला सगळा प्रवास तो त्या जीपच्या मापानं मोजतो. "नऊ तास?" तो म्हणाला. "अगं, आपल्या चिकलठाण्याहून विमान मुंबईला घंट्याभरात जातं. नऊ घंट्यात हा कुठं जाऊन राह्यला?"

"तुम्ही कधी बसलेत का विमानात?"

"न्हाई."

"मंग गप बसा."

तो गप बसला. आमच्या लग्नात एवढं सुख मला आहे.

गोरख जाताना मायनं त्याला एक वाकळ शिवून दिली होती. आबांची धोतरं, माझ्या लग्नातल्या हिरव्या शालूचे काठ, आणि बरोबर मधोमध आबांच्या लाल पटक्याचा एक मोठा चौकोन. ती वाकळ त्यानं दुसऱ्या बेटावरच्या खोलीत ठेवली होती. तिथं डोंगर आहे, थंडी वाजते. पहिल्या बेटावर नुसता उकाडा. त्यामुळं चारचा फोन आला की माय दरवेळी तेच विचारायची, "वाकळ घेतली का अंगावर?" तो म्हणायचा, "घेतली माय." हे झालं की ती केरसुणी घ्यायला उठायची. वाकळ अंगावर म्हणजे पोरगा मुक्कामाला पोचला.

आता खरी गोष्ट. मायला साखर आहे. गेल्या वर्षीपासून इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं, रोज सकाळी साडेसातला, पोटावर, स्वतःच्या हातानं. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. इंजेक्शन चुकवायचं नाही, आणि घेतल्यावर अर्ध्या तासात खायचं. मायनं पहिली गोष्ट अगदी काटेकोर पाळली. दुसरी ती बुधवार सोडून पाळायची.

पोळ्याच्या आधल्या बुधवारी मी साडेअकराला तिच्याकडं गेले. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. दार उघडं होतं. माय न्हाणीपाशी कुशीवर पडली होती, घामानं निथळत, डोळे उघडे पण मला ओळखत नव्हती. मी साखरेचा डबा तोंडापाशी नेला, मुठीनं साखर हिरड्यांना चोळली. मच्छिंद्रची जीप परतूरला निघाली होती, अर्ध्या रस्त्यातून माणसं उतरवून तो परत आला. परतूरच्या दवाखान्यात सलाईन लागलं तेव्हा कुठं माय म्हणाली, "किती वाजले? गोरख पोचला का?"

डॉक्टर तरुण पोरगा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आज तुम्ही अर्धा तास उशिरा गेला असता तर मला काही करता आलं नसतं. इंजेक्शन घेऊन उपाशी राहणं म्हणजे जीव देणं आहे. पुन्हा होऊ देऊ नका."

त्या रात्री मी मायपुढं अक्षरशः पदर पसरला. इंजेक्शन घ्यायच्या आधी खा म्हटलं. नाही. त्या दिवशी इंजेक्शन घेऊ नको म्हटलं. नाही, डॉक्टरनं सांगितलंय. शेवटी म्हणाले, "मंग असं कर माय. तुझ्या बदली मी उपाशी राहते. तू खा."

माय माझ्याकडं बघून हसली. प्रेमानंच हसली, तेच वाईट. म्हणाली, "तुझा उपास हितं कसा लागंल गं? तू दुसऱ्या घरची. तुझा उपास मच्छिंद्रच्या घराला लागतो."

दोन गल्ल्या पलीकडं दिलेली मी. रोज सकाळ-संध्याकाळ तिचं जेवण, तिच्या गोळ्या, तिची दवाखान्याची फाइल माझ्याकडं. मी तिच्या हातावर रात्रीच्या गोळ्या ठेवल्या. पण पुढच्या बुधवारपासून मीही चारपर्यंत काही खाल्लं नाही. लागो न लागो.

मग मी गोरखला फोन केला. सगळं सांगितलं, घामापासून डॉक्टरच्या बोलण्यापर्यंत. फोनवर त्याचं नाक ओढणं ऐकू आलं. मला वाटलं रडतोय.

"तू तिला जायचा दिवस सांगूच नको," मी म्हणाले.

"शपथ घातलीय तिनं अक्का. अन् न्हाई सांगितलं तर रोजच उपाशी राहील, आज गेला असंल म्हणून."

हे खरं होतं. आमच्या मायला मी ओळखते. "मंग लवकर पोचायचं काही हाय का? दुसरं विमान?"

"नऊ तास म्हणजे नऊ तास, अक्का. मी काय करू? विमान काय मच्छिंद्रदाजीची जीप हाय का, जल्दी हाणा म्हणायला?"

हे त्याचं वाक्य मी लक्षात ठेवलंय. विसरायचं ठरवलं तरी विसरता येणार नाही.

त्यानंतर त्याच्या प्रवासाचे दोन बुधवार गेले. दोन्ही वेळा मी सेवा केंद्र बंद ठेवून सकाळपासून मायजवळ बसले, ब्लाउजमध्ये ग्लुकोजची पुडी खोचून. दर तासाला तिच्या बोटातून थेंबभर रक्त काढायचं, मशीनवर आकडा बघायचा. सत्तरच्या खाली आला की लिंबूपाणी म्हणून ग्लुकोज पाजायचं. पाण्याला रीत आडवी येत नव्हती, एवढीच फट मला सापडली होती. मायला ते पाणी गोड लागायचं की नाही, तिनं कधी विचारलं नाही. दोन वाजायचे, तीन वाजायचे. तिचे हात थरथरायचे आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणायची, "आता समुद्र सरत आला असंल." मीही घड्याळाकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, देवा, त्या विमानाला जरा वारा दे.

दिवाळीनंतर गोरखचं काँट्रॅक्ट पुढं वाढवायचं होतं. त्यासाठी इथल्या पोलिसांचा दाखला लागत होता. अर्ज मी ऑनलाइन भरणार म्हणून त्यानं कंपनीच्या पत्राचा फोटो पाठवला. पत्रात त्याच्या कामाची दोन ठिकाणं, तिथल्या धावपट्ट्यांच्या नावांसकट लिहिली होती. माकेरू आणि तोलोई. दोन वर्षांत ही नावं मी पहिल्यांदाच वाचत होते. आमच्या घरात त्यांना 'अलीकडचं' आणि 'पलीकडचं' म्हणायचे.

अर्ज भरून झाला. समोर गिऱ्हाईक नव्हतं. मला उगीच हौस आली की बघावं तरी, आपला भाऊ केवढा समुद्र ओलांडतो. मायला नकाशा छापून द्यावा, देवघरापाशी लावेल. मी दोन्ही नावं टाकली. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारं एक पान उघडलं. जगातल्या कुठल्याही दोन आडबाजूच्या धावपट्ट्या घाला, ते अंतर सांगतं आणि वेळ सांगतं.

माकेरू ते तोलोई. एकशे बारा किलोमीटर. विमानाला सव्वीस मिनिटं.

मी नावं पुसून पुन्हा टाकली. अक्षर न् अक्षर पत्राशी ताडलं. दुसरं पान उघडलं, तिथं सत्तावीस मिनिटं होती. नकाशा मोठा केला, तर दोन बेटांच्या मधे निळ्या पाण्याची एक पट्टी. एवढीशी.

आणि मग मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. त्यानंच पहिल्या महिन्यात सांगितलं होतं की पलीकडची धावपट्टी मातीची आहे, दिवे नाहीत, अंधार पडला की विमान उतरत नाही. तिथलं घड्याळ आपल्याहून साडेचार तास पुढं. आपले दुपारचे चार म्हणजे तिथले रात्रीचे साडेआठ. दोन वर्षं माझा भाऊ दिवे नसलेल्या पट्टीवर रात्री उतरत होता, आणि लोकांच्या जन्मतारखा ताडणाऱ्या मला ते एकदाही खटकलं नाही.

मच्छिंद्र जेवायला आला तेव्हा मी तशीच बसले होते. त्यानं पडद्याकडं बघितलं. "एकशे बारा?" तो म्हणाला. "म्हणजे हितनं बदनापूर. बदनापूरला जायला नऊ घंटे? बैलगाडीनं गेल्ता का हा?" मग माझं तोंड बघून त्यानं हसू आवरलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मी गोरखला फोन लावला. नमस्कार-चमत्कार नाही. म्हणाले, "माकेरू ते तोलोई किती वेळ लागतो रे?"

"का गं अक्का?"

"सव्वीस मिनिटं," मी म्हणाले. "बाकीचे साडेआठ तास तू कुठं असतो? कोण हाय तिथं? बाई हाय का? सांग. बाई असंल तर तसं सांग, मी मायला समजावते."

"कुणी न्हाई अक्का. खरंच कुणी न्हाई."

"मंग?"

"झोपतो," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग तो भडाभडा बोलायला लागला. "पहिल्या खेपंला पहाटंचं विमान होतं, खरंच नऊ तास लागले होते. हवा खराब होती, मधी एका बेटावर बसवून ठेवलं होतं. फोन बंद. पोचलो तवा माझ्या ध्यानात आलं की दिवसभर कुणाचाच फोन आला न्हाई. अक्का, मायचे दिवसाला सात फोन येतात. जेवला का. झोपला का. अमक्याची पोरगी पाहिली, फोटो बघ. न्हाई आवडली तर का न्हाई आवडली. कामावर फोन बंद ठेवला तर ती तुला सांगती, मंग तुझा येतो. विमानात फोन बंद असतो, एवढंच तिला पटतं. महिन्यातून एक दिवस मला कुणाचंच नसायचं होतं. बस. खोलीत जातो, फोन बंद करतो, झोपतो."

मला राग आला होता, तरी खरं सांगते, त्याचं हे बोलणं मला समजलं. सात फोन मीही झेलते. एखादा दिवस मलाही कुणाचीच नसावंसं वाटतं. त्यानं इथवरच केलं असतं तर मी कदाचित शिव्या देऊन सोडून दिलं असतं.

"अन् माय पडली तवा?" मी विचारलं. "मी तुला सगळं सांगितलं होतं. तवा तू म्हणाला नऊ तास म्हणजे नऊ तास."

"तवाच सांगणार होतो."

"का न्हाई सांगितलं?"

"तवा सांगितलं असतं तर तुम्ही सगळे म्हणले असते, माय याच्यापायी पडली."

"मंग कुणापायी पडली?"

मी उत्तराची वाट बघितली नाही.

"अन् त्याच्यानंतर दोन बुधवार," मी म्हणाले. "दोन बुधवार तू झोपला होता, अन् मी हितं तिच्या बोटाला सुई टोचत होते. मी बी उपाशी होते गोरख. मी देवाला म्हणत होते, त्याच्या विमानाला वारा दे."

आता तो रडत होता. यावेळी खरंच. म्हणाला, "अक्का, तू नको सांगू तिला. मी सांगतो. येत्या बुधवारी तोलोईत उतरलो की लगेच व्हिडिओ कॉल करतो. खोली दाखवतो, सगळं सांगतो. माझ्या तोंडानं सांगू दे. एवढं कर माझ्यासाठी."

मी हो म्हणाले. लहानपणी त्यानं काही फोडलं की मीच म्हणायचे, तू स्वतः जाऊन सांग, माय मारणार नाही. आणि तो सांगायचा. त्या पोरावर मी पुन्हा एकदा विश्वास ठेवला.

बुधवारी सहालाच मी मायच्या घरी होते. साडेसहाला फोन आला, "निघालो माय." साडेसातला तिनं इंजेक्शन घेतलं. मी म्हटलं, "माय, आज तो लवकर पोचणार हाय. तूच बघ." तिनं माझ्याकडं दुर्लक्ष करून पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला टेकून बसली. केरसुणी दारामागं उभी होती.

पावणेआठला व्हिडिओ कॉल वाजला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणाले, "बोल, फोन आला बघ तुझ्या पोराचा." माय दचकली. मी फोन तिच्या हातात दिला आणि तिच्या मागं उभी राहिले, म्हणजे त्याला मी दिसावी.

गोरख खाटेवर बसला होता. दाढी केलेली, केस विंचरलेले. मागं पांढरी भिंत आणि खाटेचा लोखंडी दांडा.

"काय रे?" माय घाबरून म्हणाली. "इतक्या जल्दी? काय झालं? विमानाला काय झालं?"

त्यानं वर माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, सांग. त्यानं ओठ ओले केले.

"काय न्हाई माय," तो म्हणाला. "हवा खराब झालीय. मधीच एका बेटावर उतरवलंय आम्हाला. आणखी आठ तास तरी लागतील. तू काळजी करू नको म्हणून फोन केला."

त्याची नजर परत वर आली नाही.

"कुठलं बेट?" मायनं विचारलं.

"हाय एक मधलंच. हाटेलात बसवलंय."

मायला जवळचं नीट दिसत नाही, लांबचं दिसतं. तिनं फोन हातभर लांब धरला आणि डोळे बारीक केले. बराच वेळ ती बघत होती. मला वाटलं पोराचं तोंड बघतेय. मग माझी नजर तिच्या नजरेमागून गेली. गोरखच्या खांद्यामागं, खाटेच्या दांड्यावर, वाकळ वाळत टाकल्यासारखी पडली होती. हिरवे काठ, आणि मधोमध लाल पटक्याचा चौकोन.

मी तोंड उघडलं. मायनं न बघताच डावा हात वर केला. मी थांबले.

"जेवला का?" तिनं त्याला विचारलं.

"न्हाई माय अजून."

"वाकळ कुठं हाय?"

"ती पलीकडंच हाय की, तोलोईला. पोचल्यावर घेतो अंगावर."

मायनं वाकळीवरची नजर काढून पोराच्या तोंडाकडं नेली. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "घे बरं. थंडी असंल. जपून जा."

तिनं फोन बंद केला आणि माझ्याकडं दिला. मी म्हणाले, "माय, मी सांगते तुला, हे सगळं..." ती म्हणाली, "राहू दे." गुडघ्यावर हात ठेवून उठली. दारामागची केरसुणी घेतली आणि घर झाडायला लागली. देवघरापासून सुरुवात केली. खाटेखालून, डब्यांमागून, कोपऱ्याकोपऱ्यातून. मी केरसुणी घ्यायला गेले तर तिनं दिली नाही. आबांना नेलं त्या दिवशी शेजारणी झाडत होत्या; आज तीच झाडत होती. उंबऱ्यापर्यंत केर ओढून आणला आणि तिथं ढीग करून ठेवला. घामानं तिचं कपाळ भिजलं होतं. मी ग्लुकोजची पुडी काढली.

"ते नको," ती म्हणाली. "गोड पाणी पाजून पाजून तोंड खराब केलं माझं. भाकर टाक."

मी भाकरी टाकल्या. कालचं पिठलं गरम केलं. ताट वाढलं तर तिनं दुसरं ताट पुढं ओढलं. "तू बी बस. उपाशी हायस तू. त्या दोन्ही बुधवारी बी होतीस. मला काय दिसत न्हाई?"

मी बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या प्रवासाच्या बुधवारी सकाळी त्या घरात आम्ही दोघी जेवत होतो आणि मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. माय सावकाश, नीट चावून जेवली. दीड भाकर खाल्ली. ताट धुतलं, पालथं घातलं. दुपारी आडवी झाली आणि तासभर झोपली. मी मशीनवर आकडा बघितला. एकशे अठरा.

चार वाजता फोन वाजला. बरोबर चारला. पडद्यावर गोरखचं नाव होतं. मला वाटलं माय उचलणार नाही. मला तर वाटत होतं की उचलावा, आणि त्याला असं काही बोलावं की त्याची झोप कायमची उडावी. मायनं माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला.

"पोचलो माय," त्याचा आवाज मला ऐकू आला.

"पोचला का? बरं झालं बाबा," माय म्हणाली. "वाकळ घेतली का अंगावर?"

"घेतली माय. तू जेवली का?"

माय उंबऱ्याकडं बघत होती. "न्हाई रे," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, उपाशी माणसाचा असतो तसा. "तू पोचल्याबिगर मी कशी जेवीन? सकाळधरनं पाण्यावर हाय. आता खाते दोन घास."

तिनं फोन ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"तेवढा केर भरून टाक गं," म्हणाली. "सकाळचा पडलाय."